एका सेकंदाला एक इंच

आमच्या घरामागे वीस फूट लांब आणि दहा फूट रुंद असा पोहण्याचा हौद आहे. पाणी चार फूट. हिशेबाने बावीस हजार सहाशे लिटर होतं. आमच्या घरात पोहता मात्र कोणालाच येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माजरीच्या खाणीकडून येणारा-जाणारा प्रत्येक ओळखीचा माणूस पहिल्यांदा तेच विचारतो.

हौद बांधला तो सासूबाईंच्या गुडघ्यासाठी. सासूबाई कुरखेड्याकडच्या. घरची धानाची शेती, आणि लग्न झाल्यापासून एकही रोवणी चुकवलेली नाही. रोवणी म्हणजे पावसाळ्यात चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची रोपं हाताने लावायची. कमरेत वाकून, पायाखाली गुडघाभर चिखल, आणि दिवसभर एकेक पाऊल मागे मागे सरकत. अशा पन्नासेक रोवण्या झाल्यावर उजव्या गुडघ्याने काम सोडलं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढला, कोन मोजायच्या पट्टीने गुडघा वाकवून पाहिला आणि सांगितलं, "पंच्याऐंशी अंशांपुढे जात नाही. छातीभर पाण्यात रोज अर्धा तास चालवा. जूनअखेर परत आणा. फरक नसेल तर सांधा बदलावा लागेल."

बाहेर आल्यावर सासूबाई बायकोला एवढंच म्हणाल्या, "जुलैत रोवणी आहे. मी नसली त बांधीत कोण पाहीन?"

मी कोळसा खाणीत सर्वेअर आहे. मोजणं हेच माझं काम. सासूबाईंची उंची पाच फूट चार इंच, म्हणजे छातीभर पाणी चार फुटांचं. चंद्रपूरच्या तलावावर रोज नेणं-आणणं जमणारं नव्हतं, आणि नेलं असतं तरी चारचौघांत त्या पाण्यात उतरल्या नसत्या. घरामागे जागा होती. मार्चच्या मध्यावर हौद भरला. एका कोपऱ्यात चार पायऱ्या, धरायला स्टीलचा दांडा, तळाला फिक्या निळ्या फरशा. मोटार पाण्यापासून अकरा फुटांवर ठेवली, आणि करंट गळला तर वीज तोडणारं बटण बसवून ते तीनदा दाबून पाहिलं. हातात साडेतीन महिने होते.

सासूबाई डोक्यावर पदर घेऊन, लंगडत, हौदाभोवती एक फेरी मारून आल्या.

"बापू, मासे कवा सोडता?"

"आई, मासे नाही सोडायचे. तुम्हाला चालायचं आहे यात."

"पाण्यात चालाचं? काऊन? रस्ता नाई का?"

बायको म्हणाली, "माय, डाक्टर काय म्हणला ते आयकलं ना तू?"

"आयकलं. त्याले सांग, मी पाण्यातच चालत आली आजवर. त्यानंच त हे झालं."

त्या दिवशी त्या उतरल्या नाहीत. मला वाटलं, माझा संकोच असेल. आमच्याकडे सासू जावयापुढे पदर ढळू देत नाही. जावई उभा असला तर खुर्चीवर बसत नाही. मग ओली साडी अंगाला चिकटलेली असताना जावयासमोर पाण्यातून वर येणं कसं व्हायचं? म्हणून मी साहेबांना सांगून पहिली पाळी मागून घेतली. पहाटे निघायचं, दुपारी परत. मधला वेळ मायलेकींचा. परत आलो की बायकोकडून अहवाल घ्यायचा.

पहिला अहवाल : काठावर बसल्या, घोट्यापर्यंत पाय टाकले, पायपुसणं धुतलं. दुसरा : हात पोचेल तेवढी आतली भिंत नारळाच्या काथ्याने घासली. तिसरा : भिंतीची उरलेली बाजू घासली. वहीत मी 'दिवस' आणि 'पाण्यातली मिनिटं' असे दोन रकाने आखले होते. बारा दिवसांत दुसऱ्या रकान्यात बारा शून्यं जमली.

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

"म्हणते, रिकामी कशाले उतरू? तिथं काई काम आहे का?"

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. वाटलं, टाळाटाळ चालू आहे. माणूस घाबरला की कारणं देतो, एवढाच माझा अंदाज. बायकोलाही दुसरं काही सुचलं नव्हतं.

तोवर तळ काळा झाला होता. आमच्याकडे वारा खाणीच्या बाजूने वाहतो. दोरीवरचे कपडे, खिडकीची चौकट, कढीपत्त्याची पानं, सगळ्यावर बारीक काळी भुकटी बसते. पाण्यावर पडलेली भुकटी एक दिवस तरंगते आणि दुसऱ्या दिवशी तळ गाठते. पंधरा दिवसांत निळ्या फरशा तव्यासारख्या दिसू लागल्या. अशा तळावर आजारी माणसाला उतरा म्हणायला मलाच लाज वाटायला लागली.

आमचे शेजारी मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतात. सगळे त्यांना भाई म्हणतात, मीही. हौदाची मोटार आणि पाणी गाळायची वाळूची टाकी त्यांनीच बसवली होती. त्यांनी मला तळ साफ करायचं सामान समजावून सांगितलं : एक लांब दांडा, दांड्याच्या टोकाला चाकं लावलेलं चौदा इंच रुंद चपटं डोकं, आणि त्या डोक्यापासून हौदाच्या भिंतीतल्या ओढणाऱ्या तोंडापर्यंत जाणारा तीस फुटी लवचिक पाइप. मोटार पाणी ओढते आणि डोकं तळावरची घाण गिळतं. आधी पाइप पूर्ण पाण्याने भरून घ्यायचा. आत हवा राहिली तर मोटार नुसती खोकत बसते.

रविवारी सुरुवात केली. पाइप भरला, बुडबुडे थांबेपर्यंत थांबलो, तोंडाला जोडला. डोकं तळावर ठेवून ढकललं तर मागे स्वच्छ निळा पट्टा उमटला. चौदा इंच रुंद. एवढा आनंद मला मोजणी जुळल्यावरही होत नाही. बायकोला हाक मारली. ती आली आणि म्हणाली, "ते तिकडं काय निघून राह्यलं?"

समोरच्या भिंतीतून, जिथून गाळलेलं पाणी हौदात परत येतं, तिथून काळा धूर निघावा तसा कोळसा निघत होता. मी या टोकाला गोळा करत होतो आणि मोटार तो त्या टोकाला परत सोडत होती.

भाई कुंपणाच्या भिंतीवरून डोकावून पाहत होते. "भाऊ, ये कोयला है! रेतीनं नाई थांबत. दांडा फिरवा, सीधा बाहेर सोडा."

"बाहेर सोडलं तर पाणी जातं, भाई. एक इंच पातळी उतरली की चारशे बहात्तर लिटर."

"त मग ठेवा आंदर. चाय बनाओ उसकी."

व्हॉल्व्हचा दांडा फिरवला आणि बाहेरचा पाइप पेरूच्या झाडामागे खणलेल्या खड्ड्यात सोडला. पण तोवर अख्खा हौद काळा झाला होता. तो खाली बसायला दोन दिवस लागले.

पुढच्या वेळी व्हॉल्व्हचा दांडा बरोबर होता. चूक झाली ती हिशेबात. दहा फूट रुंदीचे एकेक फुटाचे दहा पट्टे धरले. चौदापैकी दोन इंच आधीच्या पट्ट्यावर चढवायचे. दहा पट्टे गुणिले वीस फूट, एकूण दोनशे फूट. जितका वेळ मोटार चालेल तितकं पाणी बाहेर जाणार, म्हणून लवकर उरकायचं ठरवलं. नऊ मिनिटांत संपवलं. पाणी जेमतेम पाव-अर्धा इंच उतरलं. मी खूश होऊन मागे वळलो.

तळ दिसतच नव्हता. डोक्याने गिळला त्याहून जास्त कोळसा मी उडवला होता.

मागून हसण्याचा आवाज आला. सासूबाई भिंतीला टेकून, लाकडी पाटावर पाय पसरून बसल्या होत्या. हसताना त्यांनी पदर तोंडाशी धरला होता, पण खांदे हलत होते.

"बापू, चिखलात बैल पळवून राह्यले का?"

"आई, पाणी जातं ना."

"पाणी जाते त जाऊ द्या. असं केलं त मातीबी राह्यते अन् पाणीबी जाते. हळू. पाण्याले समजलंच नाई पायजे का कोणी आलं."

दोन दिवसांनी गाळ बसला. मी पुन्हा दांडा धरला. या वेळी पाटावरून सूचना सुरू होत्या. "हळू. आणखी हळू. ढकलू नोका, वढा. ढकललं का ते डोस्कं उचलते." मी ओढू लागलो. खरंच, ओढलं की डोकं तळाला चिकटून चालत होतं. कडेचा पहिला पट्टा नीट निघाला. दुसराही निघाला. तिसऱ्या पट्ट्याला काठावरून हात पुरेना. दांडा तिरका झाला, डोकं उचकलं आणि काळा ढग उठला.

"अगं माय!" सासूबाई म्हणाल्या. "द्या इकडं."

त्या उठल्या, दांडा घेतला आणि काठावर उभ्या राहिल्या. एकदा ओढून पाहिलं. मग म्हणाल्या, "इथून नाई होत. रोवणी का धुऱ्यावरून होते?"

धुरा म्हणजे बांधीचा बांध. रोवणी करायची तर बांधीत उतरावं लागतं. त्यांनी पदर कमरेला खोचला, साडीचा काष्टा मारला आणि स्टीलच्या दांड्याला धरून एकेक करत चारही पायऱ्या उतरल्या. छातीभर पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "गार आहे."

बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. हाताला कणीक. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. बोललो तर आपण पाण्यात उतरलोय हे त्यांच्या लक्षात येईल, अशी भीती होती. मी मोटारीजवळ जाऊन प्रेशरचा काटा पाहत उभा राहिलो. काटा हलत नव्हता, तरी पाहत राहिलो.

त्यांनी जे केलं ते मला सुचलं नव्हतं. मी साफ केलेल्या पट्ट्यात त्यांनी पाय ठेवले. डोकं शेजारच्या मळक्या पट्ट्यावर ठेवलं आणि एकेक पाऊल मागे सरकत दांडा स्वतःकडे ओढू लागल्या. पाय स्वच्छ जागेवर, म्हणून कोळसा उडत नाही. पट्टा संपला की वळायचं, नुकत्याच निघालेल्या पट्ट्यात यायचं आणि पुन्हा मागे मागे. कंबर हलत नव्हती. डोळे तळावर होते. तिसऱ्या पट्ट्यानंतर त्या काहीतरी गुणगुणू लागल्या. बायकोने हळूच सांगितलं, रोवणीची चाल आहे.

वर आल्या तेव्हा एकेचाळीस मिनिटं झाली होती. तळ इतका निळा होता की फरशांमधले सांधे मोजता आले असते. मी मोजले नाहीत. हिशेब मात्र केला. आठ पट्ट्यांचं एकशे साठ फूट अंतर त्यांचं होतं, आणि वळण्याचा वेळ सोडला तर वेग जवळजवळ एका सेकंदाला एक इंच. आम्ही मोजणीला पन्नास मीटरची टेप ओढतो, तेव्हाही हात असा सारखा राहत नाही.

"आई," मी म्हटलं, "गुडघा कसा आहे?"

"गुडघा?" त्यांनी खाली पाहिलं. "ध्यानातच नाई राह्यला."

मग पदर कमरेत असल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि त्या घाईघाईने आत गेल्या.

'रिकामी कशाले उतरू' याचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला. ती बाई आयुष्यात कधी कामाशिवाय पाण्यात उतरली नव्हती. पाण्यात जायचं ते पऱ्हे म्हणजे धानाची रोपं लावायला, भांडी घासायला, नाहीतर बोडीतला, म्हणजे शेतातल्या तळ्यातला, गाळ काढायला. घरादाराने काठावर उभं राहून आपल्याला नुसतं चालताना पाहायचं, ही कल्पनाच त्यांना लाजिरवाणी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी परत आलो तेव्हा हौदाच्या तळावर बोटाने रेघ ओढता येईल इतकीच धूळ होती. मी म्हणालो, "आई, आज फारच मळलंय."

त्या वाकून बघत म्हणाल्या, "हो ना. काय खाण आहे का काय तुमची!"

खाणीला मी नोकरीच्या चोवीस वर्षांत इतके धन्यवाद कधी दिले नव्हते. पुढच्या तीस दिवसांपैकी सव्वीस दिवस त्या उतरल्या. चार दिवस आमचीच वीज नव्हती. कामाची वाटणी झाली होती : काठाचा पहिला पट्टा वरून मी काढायचा, उरलेले नऊ त्यांचे. माझ्या पट्ट्यात डाग राहिला की तो दाखवूनच त्या पुढे जायच्या. "बापू, हे काय? तुमच्या साहेबाले असंच काम दाखवता का?" माझी पाळी पुन्हा नेहमीसारखी झाली होती आणि जावई समोर असल्याची अडचण राहिली नव्हती. माझ्याकडे त्या आता जावई म्हणून पाहतच नव्हत्या. बांधीतल्या नवख्या गड्याकडे पाहतात तसं पाहायच्या.

भाईंनी एकदा बिना माणसाचं, आपोआप तळ साफ करणारं यंत्र मिळतं म्हणून फोनवर दाखवलं. बायकोने त्यांच्या हातातला फोन उलटा करून ठेवला आणि म्हणाली, "भाई, हे मायले सांगाल त पाहा."

मेच्या शेवटी पाइप उन्हात चिरला. सेहेचाळीस अंशांत तो बाहेर राहिला, चूक माझी. नवा नागपूरहून यायला आठ दिवस लागणार होते. डॉक्टरांकडे जायला महिना उरला होता. आठ शून्यं परवडणार नव्हती, आणि एकदा सुटलेली सवय परत लागेल याची खात्री नव्हती. मी सकाळी त्यांना पाइपाची चीर दाखवली. त्यांनी बोट घालून पाहिली.

"मंग आज काई नाई?"

"नाही, आई. आठ दिवस नाही."

त्या काठावर गेल्या. हौदात काळी झाक दिसत होती. मग काष्टा मारत म्हणाल्या, "पायानं पाहून येतो. कुठी जास्त बसलं ते त समजन."

उतरल्या. हातात काहीच नव्हतं. पायाने तळ चाचपत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. परत आल्या. पुन्हा गेल्या. "इथी जास्त आहे," असं सुरुवातीला दोनदा सांगितलं. नंतर सांगायचं थांबल्या. पंधरा मिनिटं झाली असतील. हौदाच्या मध्यावर उभ्या राहिल्या, दोन्ही हात पाण्यावर पसरले आणि तसेच ठेवले.

"काई काम नाई इथं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता वर येतात.

"तरी बरं वाटते."

बायको दारातून धावतच आली आणि होती त्या कपड्यांनिशी पायऱ्या उतरली. सासूबाईंनी तिच्या तोंडावर पाणी उडवलं. तिने परत उडवलं. पन्नाशीला टेकलेली बाई आणि तिची माय, दोघी ओरडत होत्या. मी घड्याळ पाहून वेळ लिहून घेत होतो.

"बापू, तुमी काय तलाठी आहा का? ठेवा ते अन् या!"

"मी?"

"माय, त्याईले पाण्याची भीती वाटते," बायको म्हणाली.

भीती वाटत नव्हती. मी वही खिडकीत ठेवली, घड्याळ काढलं आणि उतरलो. मी आत येताच सासूबाईंनी सवयीने पदर डोक्यावर घेतला. तो भिजून जड झालेला, घसरला. पुन्हा घेतला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा त्यांनी तो गळ्याभोवती गुंडाळला आणि म्हणाल्या, "जाऊ दे आता." त्या दिवशी पाण्यातली नेमकी मिनिटं किती झाली, ते मला सांगता येणार नाही.

जूनअखेर डॉक्टरांनी पट्टी लावली. एकशे बारा अंश. त्यांनी पुन्हा मोजलं. मी पट्टीवर वाकून वाचलं, एकशे बाराच होते. "ऑपरेशनाचं आता नाव नको," डॉक्टर म्हणाले. "काय करत होता तुम्ही?"

"तळ झाडत होती," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी आकडा कागदावर लिहिला. चिखलात उतरू का, असं सासूबाईंनीच विचारलं. ते म्हणाले, थोडा वेळ चालेल, सलग एक तासापेक्षा जास्त नको.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्या कुरखेड्याला गेल्या. दहाव्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला.

"बापू, उतरली मी."

"किती वेळ, आई? डॉक्टरांनी एक तास सांगितलाय."

"बांधीत घड्याळ कोण नेते?"

"अंदाजे तरी सांगा."

"अर्धी बांधी झाली. आता धुऱ्यावर बसली. च्या पिऊन मंग पाहतो."

"आई, आज पुरे करा."

"हो हो," असं म्हणून त्यांनी फोन कुठेतरी ठेवला, पण बंद केला नाही. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. आधी कपबशी वाजली. कोणीतरी बाई काहीतरी म्हणाली आणि पाच-सहा जणी हसल्या. मग चिखलातून पाय काढताना येतो तसा आवाज आला. एक, आणि थोड्या वेळाने दुसरा. सासूबाई कोणाला तरी दरडावत होत्या, "अवं, सरळ लाव ना, सरळ! मांगं पाय अशीन त समोर काऊन पाहून राह्यली?" मी बायकोला हाक मारली. फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला आणि आम्ही दोघं समोर बसून ऐकत राहिलो.